गुरु अर्जुनदेव व त्यांनीं बांधिलेला ग्रंथ

आमच्या व्यापारी वाचकांस रोजकीर्दीचें महत्त्व सांगावयास नको. पानें एकत्र बांधलेलीं असावीं, बेरीज पानोपान पुढें ओढलेली असावी, मागाहून कोणास एक रक्कम घुसडतां येऊं नये कीं खोडतां येऊं नये, तरच त्या वहीस न्यायाधीशापुढें किंमत. ज्याची वही निर्मळ त्याचा अर्धा दावा उभा राहण्यापूर्वींच जिंकलेला असतो, हें आम्हीं वकिलींत अनेकदां पाहिलें आहे. परंतु एवढी दक्षता भजनांच्या ग्रंथाविषयीं कोणी दाखविली असेल, हें थोड्यांच्या ध्यानांत येईल. ती दाखविणारे पुरुष म्हणजे शिखांचे पांचवे गुरु अर्जुनदेव.

त्यांचा जन्म १५६३ सालीं पंजाबांत बियास नदीच्या कांठीं गोइंदवाल गांवीं झाला. आई बीबी भानी ही तिसरे गुरु अमरदास यांची कन्या, व वडील रामदास हे चौथे गुरु. म्हणजे गुरुपद घरांतच होतें, आणि म्हणून भाऊबंदकीही घरांतच होती. तिघां भावांत अर्जुनदेव धाकटे. थोरले पृथीचंद यांस वाटे कीं, गादी थोरल्याची. वडिलकीचे दावे लढविण्यांत ज्यांचा जन्म जातो त्या आम्हांस हें म्हणणें कळतें. परंतु गुरुपद हें वतन नव्हे, तें लायकीवर द्यावयाचें, असें रामदासांनीं ठरविलें व १५८१ सालीं तें धाकट्याच्या हवालीं केलें. पृथीचंदांनीं आपली निराळी गादी मांडली, आणि त्यांच्या मंडळींकडून नानकांच्या नांवाचीं नवीं पदें प्रचारांत येऊं लागलीं. खरें कोणतें व बनावट कोणतें, हें भोळ्या भाविकानें कसें ओळखावें?

त्याचें उत्तर गुरूंनीं पुढें दिलें. तत्पूर्वीं त्यांनीं पंथास ठिकाण दिलें. वडिलांनीं वसविलेलें रामदासपूर, तेंच आजचें अमृतसर. तेथील तलावाच्या मध्यभागीं त्यांनीं हरिमंदिर उभारलें. त्यास चार दिशांस चार दरवाजे. आणि आपल्याकडे देऊळ उंच जोत्यावर चढवितात, येथें तें भोंवतालच्या जमिनीहून सखल ठेविलें, म्हणजे राजा असो वा रंक, आंत जावयाचें तर पायऱ्या उतराव्या. तरनतारनचा तलावही त्यांचाच. या कामांस द्रव्य लागे. तें प्रत्येक शिखानें आपल्या मिळकतीचा दहावा हिस्सा देऊन पुरवावें अशी वहिवाट त्यांनीं दृढ केली, व तो हिस्सा गांवोगांवचे मसंद नांवाचे प्रतिनिधि गोळा करून आणीत. (पुढें हे मसंदच गबर व उद्दाम झाले आणि दहावे गुरु गोविंदसिंग यांस ती पद्धत मोडावी लागली. देवाच्या पैशाचा हिशेब कोणीं घ्यावयाचा, हा प्रश्न आमच्या देवस्थानांच्या पंचांसही अपरिचित नाहीं!) अकबर बादशहा १५९८ सालीं गोइंदवालास त्यांच्या भेटीस आला होता, यावरून त्यांच्या लौकिकाची कल्पना येते.

आतां मुख्य कार्य. रामसर तलावाच्या कांठीं बसून गुरूंनीं मागील चार गुरूंचीं पदें पडताळून निवडलीं, भाई गुरदास यांजकडून लिहविलीं, आणि १६०४ सालीं तो ग्रंथ हरिमंदिरांत विराजमान केला. त्यांत स्वतः अर्जुनदेवांचीं पदें दोन हजारांवर आहेत. पदें रागवार लाविलीं. प्रत्येक कडव्यास अंक, पदास अंक, आणि त्यांच्या बेरजा जागोजाग मांडलेल्या. एक पद घुसडावें तर सारी बेरीज चुकते. चोख सराफाची वही याहून काय निराळी असते?

परंतु बनावट पदांस दार बंद करणाऱ्या या पुरुषानें दार कोणास उघडलें तें पाहा. गुरूंच्या पदांमागून त्याच रागांत कबीर कोष्टी येतो, रविदास चांभार येतो, सधना खाटीक, सेना न्हावी, धन्ना जाट, आणि शेख फरीद हा मुसलमान फकीरही येतो. आणि आमचा नामदेव शिंपी येतो, एकसष्ट पदें घेऊन. विठ्ठलाचें नांव त्यानें तेथेंही सोडलेलें नाहीं. त्यांपैकीं एका पदांत, हीन जातीचा म्हणून आपणांस देवळांतून उठवून लाविलें, व आपण देवळामागें जाऊन बसलों तेव्हां देऊळच आपल्याकडे फिरलें, असें त्यानें सांगितलें आहे. ही तक्रार ग्रंथांत बांधली गेली व बेरजेंत धरली गेली. आतां ती कोणास खोडतां यावयाची नाहीं.

पंढरपुरांत नामदेवाची पायरी आहे, आणि तिच्यापाशींच चोखोबाची समाधि. पंजाबी शीख ज्या ग्रंथापुढें मस्तक ठेवितो त्यांत शिंप्याचे व चांभाराचे शब्द आहेत, आणि चोखोबाच्या जातभाईंस विठ्ठलाच्या पायांशीं जाण्यास १९४७ साल उजाडावें लागलें, तेंही साने गुरुजींनीं प्राण पणास लाविल्यावर. अभंग आम्हीं पाठ केले, अभंगकर्त्यास उंबऱ्याबाहेर ठेविलें. ही थकबाकी आमच्या नांवावर आहे.

गुरूंचा शेवट १६०६ सालीं लाहोरास झाला. शाहजादा खुस्रो यानें बाप जहांगीर याजवर बंड केलें. वाटेंत तो गुरूंस भेटला, व गुरूंनीं त्याच्या कपाळीं टिळा लाविला, हा आरोप. चौकशी झाल्याचा उल्लेख नाहीं. उलट बादशहानेंच आपल्या आत्मवृत्तांत कबूल केलें आहे कीं, हें दुकान खोटें असून तें बंद पाडावें किंवा गुरूस मुसलमान करावें, असें त्याच्या मनांत कित्येक वर्षें घोळत होतें. आरोप त्या वर्षाचा आणि हेतु मात्र कित्येक वर्षांचा. फिर्यादीच्या स्वतःच्या तोंडून याहून स्वच्छ पुरावा आम्हीं क्वचितच पाहिला आहे. मालमत्ता जप्त झाली, व गुरूंचे हाल करून प्राण घेण्यांत आला. तापलेल्या तव्याच्या व वाळूच्या कथा शीख परंपरा सांगते, आणि चंदुशहा नांवाच्या एका हिंदु कामगाराच्या माथीं बराच दोष मारते. असेल, परंतु हुकूम तख्ताचा होता. अकरा वर्षांच्या हरगोविंदानें गादीवर बसतांच कमरेस दोन तलवारी लाविल्या.

पुढें नवव्या गुरूंचीं पदें मिळवून ग्रंथ पुरा झाला, आणि १७०८ सालीं आमच्या नांदेडास गोदेच्या कांठीं गोविंदसिंगांनीं गुरुपद माणसाकडे न देतां त्या ग्रंथाकडेच दिलें. नामदेवाची म्हणून सांगितली जाणारी नरसी तेथून फार दूर नाहीं.

शिखांतही जातिभेद मेला नाहीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. १९२० च्या ऑक्टोबरांत अस्पृश्य मानलेल्या जातींतून नुकतेच शीख झालेले लोक हरिमंदिरांत प्रसाद घेऊन गेले, तेव्हां पुजाऱ्यांनीं तो स्वीकारण्याचें नाकारलें. वाद वाढला. अखेर निवाडा ग्रंथानेंच करावा असें ठरलें व ग्रंथ उघडण्यांत आला. जें पद निघालें तें त्या लोकांच्या बाजूचें होतें, आणि पुजाऱ्यांनीं प्रसाद घेतला.