सोपाऱ्याचा परका पाहुणा : बाहिय दारुचीरिय



पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यातील पुष्कळ बौद्ध कुटुंबे मूळची येथली नाहीत. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे कारखाने वाढले आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून माणसे पोटासाठी येथे आली. त्यातही ज्या घराने नुकतीच धम्मदीक्षा घेतली, ते घर दुहेरी नवे. गाव नवे आणि धम्मही नवा. शेजारी दारातून डोकावतात. भिंतीवर देव नाहीत, लग्नाला भटजी नाही, हे कसले लोक? कोणी कुतूहलाने पाहतो, कोणी हेटाळणीने, कोणी उगाच कौतुकाने. या नजरांचे काय करावे, हे आपल्याच जिल्ह्यात अडीच हजार वर्षांपूर्वी राहून गेलेल्या एका परक्या माणसाच्या चरित्रात सापडते.

बोईसरहून मुंबईकडे जाताना विरारनंतर नालासोपारा येते. पाली ग्रंथांतील सुप्पारक बंदर ते हेच. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा येथे सापडला आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूप खणून उजेडात आणला. या बंदरात देशोदेशींचे व्यापारी येत. बाहिय हा त्यांच्यापैकीच एक. बाहिय नावाच्या देशाचा म्हणून त्याला ते नाव पडले. पालीत या शब्दाचा अर्थ बाहेरचा असाही होतो.

अट्ठकथांत त्याची हकीकत आली आहे. सात वेळा त्याने समुद्रप्रवास करून सुखरूप घर गाठले. आठव्या खेपेस सुवर्णभूमीला जाताना गलबत फुटले, सोबती बुडाले, आणि हा एका फळीच्या आधाराने सुप्पारकाच्या किनाऱ्याला लागला. अंगावर चिंधीही उरली नव्हती. त्याने झाडाच्या साली गुंडाळून लाज झाकली आणि हाती भांडे घेऊन गावात भिक्षा मागितली.

गावकऱ्यांनी असा माणूस कधी पाहिला नव्हता. भाषा वेगळी, चेहरा वेगळा आणि वस्त्र तर झाडाचे! हा अर्हत असला पाहिजे असे त्यांनी ठरवून टाकले. लोक अन्न आणू लागले, पाया पडू लागले. कोणी उंची वस्त्रे आणली, पण ती घातली तर हा मान राहणार नाही हे ओळखून त्याने ती परत केली. जी साल नाइलाजाने गुंडाळली होती, तीच त्याचा पोशाख झाली आणि दारुचीरिय, म्हणजे लाकडाचे वस्त्र नेसणारा, हे त्याचे नाव झाले. पुढे तर आपण खरेच अर्हत आहोत असे त्यालाही वाटू लागले. लोकांनी नवलाने पाहावे आणि पाहता पाहता आपणही स्वतःला त्यांच्याच डोळ्यांनी पाहू लागावे, हा परक्या माणसाला असलेला मोठा धोका आहे.

त्याला सावध केले ते त्याच्या एका जुन्या आप्ताने. उदान ग्रंथात या आप्ताला देवता म्हटले आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या शिकवणुकीप्रमाणे आपण बुद्धीला पटेल तेवढेच घ्यावे. हिताचे कटू बोलणारा तो आप्त. त्याने सांगितले की तू अर्हत नाहीस, अर्हत होण्याच्या वाटेवरही नाहीस. खरा अर्हत श्रावस्तीस आहे. बाहियाचे मोठेपण येथे दिसते. तो रागावला नाही. मिळत असलेला सारा मान सोडून तो तडक निघाला. ग्रंथांत हे अंतर १२० योजने दिले आहे.

तो पोहोचला तेव्हा तथागत भिक्षेसाठी नगरात गेले होते. त्याने रस्त्यातच उपदेश मागितला. ही वेळ नव्हे म्हणून तथागतांनी दोनदा नकार दिला. आयुष्याचा भरवसा नाही, असे सांगून त्याने तिसऱ्यांदा विनविले. तेव्हा तथागतांनी थोडक्यात समजावले की पाहताना, ऐकताना, जाणताना समोर आहे तेवढेच जाणावे. त्यात आपला मीपणा मिसळू नये. ज्याने इतकी वर्षे लोकांच्या पाहण्यात आपला मीपणा मिसळला होता, त्याच्या मनाला हे लगेच भिडले. तो तेथेच मुक्त झाला.

संघात प्रवेशासाठी पात्र आणि चीवर हवे होते. ते शोधत असता एका वासरू असलेल्या गाईने त्याला मारले आणि त्याचा अंत झाला. भिक्षूंकडून तथागतांनी त्याचा अंत्यविधी करविला, स्तूप उभारविला आणि सर्वांत जलद धम्म समजणाऱ्यांत त्याला अग्रस्थान दिले.

बंधुभगिनींनो, सुप्पारकात विचित्र वस्त्रामुळे लोकांनी त्याला अर्हत ठरविले, तेव्हा तो अर्हत नव्हता. श्रावस्तीत तो अर्हत झाला, तेव्हा त्याच्या अंगावर चीवरसुद्धा नव्हते. म्हणून शेजाऱ्यांच्या हेटाळणीने खचू नका, कौतुकानेही फुगू नका. कोणी आगळा वेश करून दारी आला, तर आधी त्याचे शील पाहा. पांढरी वस्त्रे नेसून वंदना म्हणताना पंचशील घरात किती पाळले जाते, हे ज्याचे त्याने तपासावे. आणि आपली चूक तोंडावर सांगणारा आप्त भेटला, तर त्याला शत्रू मानू नये. बाहियाने तसे मानले असते, तर तो सुप्पारकातच साल गुंडाळून लोकांचे नमस्कार घेत मेला असता.