अध्यापक बाबासाहेब

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे स्मरण आपण राज्यघटनेचे शिल्पकार, अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित आणि बहुजनांचे उद्धारक म्हणून नित्य करतो. परंतु आयुष्याची काही वर्षे ते अध्यापक होते, ही गोष्ट शिक्षकांच्याही सहसा ध्यानी येत नाही. निवासी शाळेत अध्यापन करणाऱ्या आम्हांस मात्र त्यांच्या चरित्रातील हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. महाडच्या सत्याग्रहाचा वारसा भाषणातून सांगता येतो. वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच्या तयारीचा वारसा मात्र रोज चालवावा लागतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांना साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसावे लागे आणि कोणी वरून पाणी ओतले तरच तहान भागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडविण्यास फळ्याकडे बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून मुलांनी एकच गलका केला. संस्कृत शिकण्याची ओढ असूनही त्यांना फारसी घ्यावी लागली. त्याच मुंबईत त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजी भेटले. बागेत एकाग्रतेने वाचत बसणाऱ्या या मुलाची त्यांनी आपणहून चौकशी केली, त्याला पुस्तके दिली आणि मॅट्रिकच्या यशानंतर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका शिक्षकाची दृष्टी योग्य ठिकाणी गेली, तर त्यातून केवढे घडू शकते, याचे यापरते उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून परतलेले बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. हा अस्पृश्य प्राध्यापक आपल्याला काय शिकविणार, असा भाव आरंभी विद्यार्थ्यांच्या मनात होता. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनीही घेतला. जन्माने मिळणारा मान त्यांच्यापाशी नव्हता. वर्गातील अधिकार त्यांना अभ्यासातूनच मिळवावा लागला. विषयाची सखोल तयारी आणि विचारास चालना देणारे विवेचन यांमुळे अल्पावधीत चित्र पालटले. इतर महाविद्यालयांचे विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले.

असा लौकिक झाल्यावर कोणीही तेथेच स्थिरावला असता. बाबासाहेबांनी मात्र पगारातून काटकसरीने पैसा साठविला आणि मार्च १९२० मध्ये राजीनामा देऊन अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडन गाठले. नामवंत प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी झाला. तेथे रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांना रुचला नाही आणि फेरलेखनासाठी परत आला. त्यांनी तो नव्याने लिहिला, परंतु निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी आपला मतभेद नोंदवूनही त्यास प्रस्तावना लिहिली. मांडणीतील दोष मान्य करणारा पण सत्याशी तडजोड न करणारा शिष्य आणि शिष्याच्या मतभेदाचा आदर करणारा गुरू, या दोन्ही भूमिका शिक्षकाने आत्मसात कराव्यात अशा आहेत.

मायदेशी परतल्यावर त्यांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने ४ जानेवारी १९२५ पासून आपल्या सोलापुरात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह चालविले. भोजन, कपडे व लेखनसाहित्य यांचा खर्च सभा करी आणि सोलापूर नगरपालिका दरमहा ४० रुपये अनुदान देई. सभेच्या प्रोत्साहनाने ‘सरस्वती विलास’ हे विद्यार्थ्यांचे मासिकही निघाले. मुलाच्या भोजनाची सोय आणि त्याच्या लेखणीची सोय, दोन्हींचा विचार एकाच वेळी झाला होता. निवासी शाळा चालविणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट मनावर कोरून ठेवावी.

१९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या लेखाशास्त्र संस्थेत व्यापारी कायदा शिकविला, नंतर शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापन केले आणि जून १९३५ मध्ये तेथेच प्राचार्यपद स्वीकारले. पद मिळाले म्हणून चिंतन थांबले नाही. १९३६ मध्ये महाविद्यालयाच्या नियतकालिकात त्यांनी कायद्याच्या शिक्षणात कोणत्या सुधारणा हव्यात, याची चिकित्सा केली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये औरंगाबादेत जे महाविद्यालय उघडले, त्यास पुढे मिलिंद हे नाव मिळाले. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा. राजाच्या अधिकाराने नव्हे, तर विद्वानाच्या रीतीने संवाद होणार असेल तरच आपण बोलू, अशी अट भदंत नागसेनांनी त्याला घातली होती. आमच्या मते प्रत्येक वर्गाच्या दारावर हीच अट लिहिलेली असावी.

ऊसतोड कामगारांची, यंत्रमागावर राबणाऱ्यांची, विडी वळणाऱ्या मातांची मुले आज आपल्या जिल्ह्यातील वर्गांत बसतात. कित्येकांच्या घरी शाळेची पायरी चढणारे तेच पहिले. त्यांच्या तासाला आम्ही तयारीविना गेलो, तर त्याची भरपाई करणारी शिकवणी त्यांच्यापाशी नाही. तथागतांनी राहुलास कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तिचे परीक्षण करावयास शिकविले. तोच उपदेश शिक्षकाच्या दैनंदिनीत उतरावा. तासापूर्वी विचारावे : आज मी नवे काय वाचले? तास चालू असता पाहावे : कोण गप्प आहे? तासानंतर तपासावे : मुलांना जे समजले नाही, ते माझ्या मांडणीमुळे तर नव्हे? आणि आठवड्याच्या अखेरीस मोजावे : माझ्या वर्गात फळ्यापर्यंत कोण अजून पोहोचलेच नाही?

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करणारे हात दुसऱ्या दिवशीच्या पाठाचे टाचणही तितक्याच श्रद्धेने लिहितील, तर ते अभिवादन सार्थ होईल. या महान अध्यापकास आमचे विनम्र अभिवादन. जयभीम!