तीन अटींची प्रयोगशाळा

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले की महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा पुन्हा गजबजू लागतात. ठाणे पूर्वेच्या कोपरीसारख्या वस्तीतून कुणी रुळांपलीकडे पश्चिमेला जातो, कुणी मुलुंडला, तर कुणी लोकल पकडून थेट मुंबई गाठतो. पहिल्याच प्रॅक्टिकलच्या तासाला या मुलामुलींपुढे नियमांची यादी येते. ॲप्रन आणि संरक्षक चष्म्याशिवाय आत येऊ नये. पिपेट तोंडाने ओढू नये. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये. बाटलीतून जास्त काढलेले रसायन परत बाटलीत टाकू नये. निरीक्षणे सुट्या चिठोऱ्यांवर न टिपता थेट जर्नलमध्ये शाईने लिहावीत. सुरुवातीला ही यादी जाचक वाटते. पण यातील प्रत्येक नियमामागे कुणाचा तरी भाजलेला हात किंवा वाया गेलेला प्रयोग असतो, हे हळूहळू उमगत जाते.

सुमारे नऊ दशकांपूर्वी एका मराठी मुलीपुढेही प्रयोगशाळेत पाऊल टाकण्यापूर्वी अशीच एक यादी ठेवण्यात आली होती. त्या यादीत अवघ्या तीन अटी होत्या आणि त्या केवळ तिच्यासाठी होत्या. ती मुलगी म्हणजे कमला भागवत. पुढे डॉ. कमला सोहोनी या नावाने त्यांनी भारतीय जीवरसायनशास्त्रात मानाचे स्थान मिळवले.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूरमध्ये झाला. रसायनशास्त्राचा वारसा त्यांना घरातूनच मिळाला होता. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेत, म्हणजेच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. विदुषी दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. एका बहिणीने लोकसाहित्य आणि संस्कृतीचा अभ्यास आपलासा केला, दुसरीने परीक्षानळी हाती धरली. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन कमलाबाई १९३३ मध्ये गुणवत्ता यादीत अव्वल आल्या. वडील आणि काका जिथे शिकले त्याच संस्थेत संशोधन करायचे, हे त्यांनी मनाशी ठरवले होते. इतक्या गुणांवर प्रवेश मिळणार, याविषयी त्यांना शंका नव्हती.

त्याच वर्षी संस्थेच्या संचालकपदाची धुरा सर सी. व्ही. रामन यांच्याकडे आली होती. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवणारा हा शास्त्रज्ञ त्या काळी देशाच्या अभिमानाचा विषय होता. रामन यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. कारण गुणांचे नव्हते. आपल्या संस्थेत मुलींना घ्यायचे नाही, अशी त्यांची भूमिका होती. वडील आणि काकांनी केलेली रदबदलीही निष्फळ ठरली. तेव्हा कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या आणि कोणत्या नियमाने आपल्याला नाकारले, असे त्यांनी संचालकांनाच विचारले. गांधीजींच्या विचारांचा प्रभाव असलेल्या या तरुणीने प्रवेश मिळेपर्यंत तिथेच सत्याग्रह करण्याचा पवित्रा घेतला. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, मात्र तीन अटींवर.

पहिली अट अशी की, वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. वर्षभरातील कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच त्या कामाला मान्यता मिळेल. दुसरी अट, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही, काम करावे लागेल. तिसरी अट, त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये.

या तिन्ही अटी एका माळेत ओवलेल्या असल्या तरी त्यांचे मणी सारखे नव्हते. रात्री काम करण्याची अट संशोधनात नवलाची नाही. विक्रियेला माणसाचे घड्याळ कळत नाही, आणि सुरू केलेला प्रयोग अर्ध्यावर टाकून घरी जाता येत नाही. कामाचा दर्जा तपासला जावा, यातही वावगे काही नव्हते, फक्त तो सर्वांचा तपासला जायला हवा होता. तिसऱ्या अटीचा मात्र रसायनशास्त्राशी काडीचाही संबंध नव्हता. प्रयोगशाळेत एखादी स्त्री असणे हाच व्यत्यय आहे, हे तिने आधीच गृहीत धरले होते. कमलाबाईंना यातील अपमान पुरेपूर कळत होता. उतारवयात या प्रसंगाविषयी बोलताना, रामन थोर शास्त्रज्ञ होते तरी त्यांची दृष्टी संकुचित होती आणि तो अपमान आपण कधी विसरू शकलो नाही, असे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. तरीही त्यांनी अटी मान्य केल्या. दार उघडण्याचा दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता.

त्यांना मार्गदर्शक लाभले ते एम. श्रीनिवासय्या. ते अत्यंत कडक शिस्तीचे, पण लायक विद्यार्थ्याला हातचे काही राखून न ठेवता शिकवणारे शिक्षक होते. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिने हा कमलाबाईंचा विषय. ज्या देशात बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज डाळीवर भागते, तिथे या विषयाचे मोल वेगळे सांगायला नको. पण भारतात तेव्हा डाळींतील प्रथिनांवर काम करणारे फार थोडे होते. काम चिकाटीचे होते. त्या काळच्या रीतीनुसार पदार्थातील प्रथिने मोजायची तर नमुना संहत सल्फ्युरिक आम्लात तासन्‌तास उकळावा लागे. मग त्यातील नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने वेगळा करून त्याचे टायट्रेशन करावे लागे. ब्युरेटमधील एक थेंब जास्त पडला किंवा वजनात जराशी चूक झाली की उत्तर बिघडले. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांचा दिवस प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांत जाई.

वर्ष सरले. रामन यांनी काम पाहिले आणि नियमित संशोधनास परवानगी दिली. एवढेच नव्हे, तर त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या कामाने जे साधले ते अर्ज-विनंत्यांनी साधले नव्हते. अर्थात, दार उघडले म्हणून वाट सुकर झाली असे नाही. पुढे अ‍ॅना मणी यांनी रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर मोलाचे संशोधन केले. पण त्यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली नाही. नियमाचे अक्षर पाळताना त्याचा हेतू हरवला की काय होते, याचे हेही एक उदाहरण.

बंगलोरचे संशोधन सादर करून कमलाबाईंनी १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी मिळवली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस शिष्यवृत्ती घेऊन त्या केंब्रिजला पोहोचल्या. जीवनसत्त्वांवरील कामासाठी १९२९ चे नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा त्यांना खुणावत होती. प्रवेशाची मुदत टळून गेली होती आणि प्रयोगशाळेत एकही जागा रिकामी नव्हती. तेव्हा डेरेक रिक्टर या तरुण संशोधकाने आपले एक टेबल दिवसा वापरण्यासाठी त्यांना देऊ केले. रात्री ते स्वतः त्याच टेबलावर झोपत. बंगलोरला गुणवत्ता असून दार बंद होते, इथे जागा नसतानाही जागा काढून दिली गेली. तरी केंब्रिजही काही समतेचे नंदनवन नव्हते. त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते १९४८ साली.

रिक्टर अन्यत्र गेल्यानंतर कमलाबाईंनी रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या पेशींवर काम केले. बटाट्यावर प्रयोग करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी आढळले. पेशीतील ऑक्सिडीकरणात त्याचा सहभाग असतो, हे त्यांनी दाखवले. या कामावर त्यांनी लिहिलेला प्रबंध टंकलिखित अवघ्या ४० पानांचा होता. केंब्रिजला आल्यापासून १४ महिन्यांत संशोधन आणि लेखन दोन्ही पूर्ण झाले आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. जानकी अम्मल यांनी १९३१ मध्येच अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवली होती. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून मात्र कमलाबाईंचे नाव घेतले जाते.

परदेशात राहणे सोपे असतानाही त्या १९३९ मध्येच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी सहायक संचालक म्हणून काम केले. १९४७ मध्ये विमागणिती एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

मुंबईतील त्यांचे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचे संशोधन सामान्य माणसाच्या ताटाशी जोडलेले होते. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारे घटक असतात, त्यांचा अभ्यास त्यांच्या प्रयोगशाळेत झाला. कडधान्ये भिजवून, मोड आणून, नीट शिजवून खाण्याच्या आपल्याकडील रीतीमागचे शास्त्र अशा संशोधनातून उलगडत गेले. ताडामाडाच्या नीरेवरील त्यांचे काम तर सर्वपरिचित आहे. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतले. नीरा झाडावरून उतरवल्यानंतर झपाट्याने आंबते, त्यामुळे तिच्यावरचे प्रयोग म्हणजे वेळेशी शर्यतच. ताजी नीरा आणि ताडगूळ यांचा आहारात समावेश केल्यास गरीब कुटुंबांतील कुपोषित मुले आणि गर्भवती स्त्रियांना लाभ होतो, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. या संशोधनाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत मार्गदर्शन केले.

संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या, पण अंतर्गत राजकारणामुळे काही वर्षे उशिरानेच. केंब्रिजला रिकाम्या टेबलासाठी वाट पाहावी लागली नव्हती, स्वतःच्या शहरात मात्र हक्काच्या खुर्चीसाठी ती पाहावी लागली. १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यानंतर मुंबईतील कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी १९८२-८३ मध्ये भूषवले आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले.

कमलाबाईंच्या चरित्रातून केवळ सोसण्याचा धडा घेणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. त्यांनी अटी पाळल्या, पण त्याआधी त्यामागचे कारण विचारले. आज कोपरीतून निघून रसायनशास्त्राच्या वर्गात पोहोचणाऱ्या मुलीला तिसरी अट कुणी घालत नाही. प्रयोगशाळेचे वातावरण बिघडू नये असे शिक्षक आता म्हणतात तेव्हा त्यांना विषारी वायू आणि बंद पडलेला एक्झॉस्ट पंखा अभिप्रेत असतो. रात्री एकट्याने काम करू नये, असाही नियम आता असतो, तोही मुलगा-मुलगी असा भेद न करता. भिंतीवरच्या यादीतील नियम कुणाला वाचवतो, प्रयोग करणाऱ्याला, शेजारच्या टेबलावरील सोबत्याला की केवळ कुणाच्या पूर्वग्रहाला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक विद्यार्थ्याला आहे. उत्तर पटले तर तो नियम काटेकोरपणे पाळण्याची जबाबदारीही त्याचीच. चष्मा डोळ्यांवर चढवताना आणि जर्नलमध्ये पहिले निरीक्षण शाईने नोंदवताना ही जबाबदारी सुरू होते.