डॉक्टर व्हायला निघालेल्या पंडिता रमाबाई



पंडिता रमाबाईंचे नाव आपल्याला माहीत असते. त्या संस्कृतच्या पंडित होत्या, विधवांसाठी त्यांनी आश्रम काढला, एवढे आपण पाठ करतो. पण मला त्यांच्या चरित्रातली दुसरीच गोष्ट आवडते. रमाबाई ठरवायच्या एक आणि व्हायचं भलतंच! तरी त्या देवावर रुसून बसल्या नाहीत.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्या काळी बायकांनी संस्कृत शिकणे लोकांना खपत नसे, पण शास्त्रीबुवांनी पत्नीला शिकवले आणि आईने रमाबाईंना. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच साली बिपिनबिहारी मेधावी या वकिलांशी त्यांचे लग्न झाले, पण १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. मांडीवर लहानगी मनोरमा.

त्यानंतर त्या पुण्याला आल्या. आजारी बायका पुरुष डॉक्टरकडे जायला लाजत आणि तशाच मरत. म्हणून रमाबाईंनी ठरवले, आपणच डॉक्टर व्हायचे. १८८३ साली मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावात ख्रिस्ती भगिनींकडे उतरल्या. पण त्यांना ऐकू फार कमी यायचे. वर्गातले ऐकू येणार नाही तर डॉक्टरकी शिकणार कशी? झालं, तो बेत तिथेच संपला.

एवढ्या लांब आणून देवाने दार का लावलं, असं मला वाचताना वाटलं. पण त्याच भगिनी लंडनमध्ये समाजाने टाकलेल्या बायकांना मायेने सांभाळत होत्या. ते रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. ही माया कुठून येते याचा शोध घेताना त्यांना प्रभू येशूची ओळख झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८८६ साली त्या अमेरिकेला गेल्या, त्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या तो पदवीचा समारंभ पाहायला. जी पदवी स्वतःला हवी होती ती दुसरीला मिळताना बघून त्यांना काय वाटलं असेल, हे माझ्या मनातून जात नाही. त्या तिथे दोन वर्षांहून जास्त राहिल्या, बालवाडीचे शिक्षण पाहिले, भाषणे दिली. बोस्टनच्या लोकांनी दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे होऊ लागला तसा पुण्यात मोठा वाद झाला आणि १८९३ मध्ये पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांना मुलींची काळजी होती आणि रमाबाईंनाही होती, असं मला वाटतं.

अमेरिकेची मदत संपली तर खर्च कसा चालायचा? म्हणून रमाबाईंनी दौंड तालुक्यात केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली. (नगरजवळचे केडगाव वेगळे.) तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतात मुली अन्नावाचून मरत होत्या. दुष्काळातली भूक रमाबाईंनी लहानपणी सोसली होती. त्या स्वतः गेल्या आणि मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवता येईना, मग नेल्या त्या केडगावच्या मळ्यावर! संत्री-आंबे विकून पैसा मिळवायचा बेत होता, आणि त्याच रानात मुलींची वस्ती झाली. तेच मुक्ती सदन. पैसा कमी पडला की रमाबाई मुलींना घेऊन प्रार्थनेला बसत आणि उठून कामाला लागत. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, सगळं मुलीच चालवायला शिकल्या.

म्हातारपणी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अख्खे बायबल आणायचे होते. हे काम त्यांनी कितीतरी वर्षे केले.

मनोरमाबाई आता हाताशी आल्या होत्या. आईच्या मागे मुक्तीचा कारभार त्याच बघणार होत्या. पण १९२१ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याच आधी गेल्या. डॉक्टरकी गेली तेव्हा दुसरी वाट दिसली होती. इथे म्हाताऱ्या आईला कोणती वाट दिसणार, हे मला अजून नीट सांगता येत नाही. रमाबाईंनी प्रार्थना सोडली नाही आणि लेखणीही सोडली नाही. भाषांतर पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले.