पाळी संपते, रुग्ण तिथेच असतो

रबाळ्याच्या एमआयडीसीत पहाटे यंत्रात हात सापडलेल्या कामगाराला रुग्णालयाच्या अपघात विभागात आणले, असे समजा. रात्रपाळीच्या सिस्टरने डॉक्टरांच्या सांगण्यावरून वेदनाशामक इंजेक्शन दिले. पण गडबडीत केसपेपरवर नोंद राहून गेली. तासाभरात पाळी बदलली. रुग्ण कळवळतो आहे. पुन्हा इंजेक्शन द्यावे, तर मात्रा दुप्पट होण्याची भीती. न द्यावे, तर कदाचित पहिलेही दिलेले नसेल. सकाळच्या सिस्टरने कशावरून ठरवायचे?

दोन पाळ्यांमधली ही फट फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिली होती. त्यांचा जन्म १२ मे १८२० चा. सधन इंग्रज घरातली ही मुलगी कुटुंबाचा विरोध पत्करून रुग्णसेवेत आली. क्रिमियन युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांना घेऊन त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे घाण होती, गर्दी होती आणि नोंदींचा गोंधळही होता. मृत्यूंच्या वेगवेगळ्या नोंदवह्यांतले आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. कोण कशाने गेले हेच कळत नसेल, तर पुढच्याला वाचवायचे कसे, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

मायदेशी परतल्यावर त्यांनी मृत्यूंच्या कारणांचे तक्ते आणि आकृत्या करून सरकारपुढे ठेवल्या. लढाईतल्या जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक दगावले होते, हे त्यातून दिसले. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, असा आग्रहही त्यांनी धरला. भारतात त्या कधीच आल्या नाहीत. तरी इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून त्यांनी सैनिकांच्या आरोग्याची माहिती मिळवली. गावांच्या स्वच्छतेबाबत पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

शुश्रूषेवरील त्यांचे पुस्तक १८५९ सालचे. आपण हजर असताना जे होते, ते आपण नसतानाही झाले पाहिजे, याची व्यवस्था लावणे हीच खरी जबाबदारी, असे त्यांनी त्यात मांडले. रुग्णाला झोप बरी लागली का, असे मोघम विचारू नये. किती तास आणि कोणत्या वेळी लागली, ते विचारावे. लक्षात राहत नसेल, तर लिहून ठेवावे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या त्यांच्या प्रशिक्षण शाळेत निरीक्षणाची ही शिस्त शिकवली गेली. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज अनेक रुग्णालयांत पाळी बदलताना चार गोष्टी ठरलेल्या क्रमाने सांगतात: रुग्णाची आत्ताची स्थिती, त्याची पार्श्वभूमी, तपासणीत काय आढळले आणि पुढे काय करायचे आहे. रुग्णाच्या खाटेशीच हे बोलणे झाले, तर सलाइन, जखम, केसपेपर सगळे समोर असते. ऐकणाऱ्याने मुख्य मुद्दे परत बोलून दाखवले, की चूक तिथेच सापडते. औषधाची नोंद मात्र दिल्यादिल्याच, मात्रा आणि वेळेसह व्हावी. पाळी संपताना आठवून नव्हे.

नातेवाइकांनाही एक काम करता येते. आधीच्या आजारांची, चालू औषधांची आणि ॲलर्जीची माहिती कागदावर लिहून आणावी व पाळी बदलल्यावर नव्या सिस्टरला दाखवावी. रबाळ्याच्या त्या कामगाराच्या केसपेपरवर औषध, मात्रा आणि वेळ एवढी एक ओळ असती, तर सकाळच्या सिस्टरला अंदाज बांधावा लागला नसता.