लोहाराच्या पोरानं लावलेला शोध जुन्या मोटारसायकलीत सारखा का जळतो?

मे महिन्यात जळगाव-धुळे पट्ट्यात पारा ४५ कडे सरकला की गॅरेजवर एक तक्रार हमखास येते. जुन्या गाडीचं इंजिन नीट चालतं, पण हॉर्नचा आवाज बसतो, इंडिकेटर मिणमिणतात, सेल्फ असेल तर तो लागत नाही. मालक नवी बॅटरी टाकतो आणि थोड्याच दिवसांत तीही बसते. कारण दोष अनेकदा बॅटरीत नसतोच. तो असतो मॅग्नेटच्या कॉइलमध्ये, आरआर युनिटमध्ये नाहीतर वायरिंगमध्ये.

हे भाग का जातात, हे समजून घ्यायचं असेल तर मायकेल फॅरेडे हा माणूस माहीत हवा.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळचा. बाप लोहार, त्यात सतत आजारी. घरात पैशाची ओढाताण, त्यामुळे शाळा जेमतेम झाली. तेराव्या वर्षी तो पुस्तकाच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला आणि पुढं ७ वर्षं तिथंच बाइंडिंगचं काम शिकला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा. विजेची गोडी तिथंच लागली.

१८१२ मध्ये त्यानं शास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीची व्याख्यानं ऐकली. त्याच्या टिपणांचं नीट पुस्तक बांधून डेव्हीला पाठवलं आणि मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीस म्हणून नोकरी मिळवली.

मोठा शोध लागला २९ ऑगस्ट १८३१ ला. फॅरेडेनं लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेच्या दोन कॉइल गुंडाळल्या. एकीत करंट सोडताना आणि तोडताना दुसरीत क्षणभर वीज आली. ऑक्टोबरमध्ये त्यानं कॉइलमध्ये नुसतं लोहचुंबक आत-बाहेर केलं, तरी वीज तयार झाली. मोटारसायकलचं मॅग्नेट याच तत्त्वावर चालतं. इंजिनसोबत चुंबक फिरतं आणि कॉइलमध्ये वीज येते.

त्या कड्यावर तारेचे वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून फॅरेडेनं मध्ये सुतळी आणि सुती कापड घातलं होतं. आज त्या जागी तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. जुन्या गाडीत तो इंजिनची उष्णता वर्षानुवर्षं सोसतो, कडक होतो, तडकतो. मग वेढ्याला वेढा लागतो आणि कॉइल शॉर्ट होते. विहिरीवरची मोटर जळाली की ती भरायला द्यावी लागते, तसाच हा प्रकार.

दुसरी अडचणही याच शोधातून येते. चुंबक जितकं जोरात फिरेल तितकं व्होल्टेज वाढतं. हायवेवर गाडी पळवली की मोकळी कॉइल ५० व्होल्टच्याही वर जाऊ शकते, तर बॅटरीला लागतात साधारण १४. ही वीज एसीची डीसी करणं आणि आवरणं हे आरआर युनिटचं काम. बऱ्याच गाड्यांत ते जास्तीचा करंट शॉर्ट करून कॉइलकडेच परतवतं. म्हणजे लाइट बंद ठेवले तरी कॉइलला आराम नाही आणि युनिटही तापतंच.

१८३३ मध्ये फॅरेडेनं आणखी एक गोष्ट टिपली. धातू तापला की त्यातून वीज कमी वाहते, पण सिल्व्हर सल्फाइड तापलं की जास्त वाहते. सेमीकंडक्टरच्या या गुणाची ही पहिली नोंद मानली जाते. आरआर युनिटमधले डायोडही सेमीकंडक्टरच. ते तापले की गळती वाढते, गळतीनं आणखी तापतात आणि शेवटी जातात. युनिटच्या पट्ट्यांवर चिखल-धूळ बसली असेल तर हे लवकर घडतं. ढिला कपलर आणि गंजलेलं अर्थिंगही उष्णता वाढवतात.

त्याच सुमारास त्यानं विजेनं होणाऱ्या रासायनिक बदलांचे नियम मांडले. बॅटरी चार्ज होणं हा त्यातलाच बदल. युनिट बिघडून जास्त चार्जिंग झालं की बॅटरीतल्या पाण्याचा वायू होऊन ते उडतं. कमी चार्जिंग झालं की प्लेटांवर सल्फेट साचतं. दोन्हीकडून बळी बॅटरीचाच.

फॅरेडेचं गणित कच्चं होतं. त्याच्या कल्पनांना पुढं मॅक्सवेलनं समीकरणांत बसवलं. त्याचा भर होता स्वतः मोजून पाहण्यावर. सरदारकीचा मान त्यानं नाकारला आणि २५ ऑगस्ट १८६७ ला त्याचं निधन झालं.

बॅटरी बदलण्याआधी मोजून पाहिलं तर पैसे वाचतात. १२ व्होल्टची चार्ज असलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ दाखवते आणि इंजिन रेस केल्यावर १३.५ ते १४.५. आकडा १५ च्या वर गेला तर संशय आरआर युनिटवर. वाढलाच नाही तर आधी कपलर आणि अर्थिंग साफ करायचं, मग कॉइल तपासायची. ६ व्होल्टच्या गाडीत हे आकडे निम्मे धरायचे. कॉइलच जळाली असेल तर ती भरूनही मिळते. नवी बॅटरी घ्यायची ती हे सगळं पाहून झाल्यावरच.