दुसऱ्या मद्यप्याचा शोध : बिल विल्सन ह्यांचे चरित्र

मंडळीतील एखादा भाऊ दारूच्या पाशात सापडला म्हणजे आपण त्यास बोध करितो, त्याजकडून शपथ घेववितो. शपथ मोडली की आपला धीर खचतो आणि तोही उपासनेस तोंड दाखवीनासा होतो. अशा घरांतील माणसांस उपयोगी पडावे म्हणून अमेरिकेतील बिल विल्सन ह्या गृहस्थांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

विल्सन ह्यांचा जन्म व्हरमाँट संस्थानातील ईस्ट डॉर्सेट ह्या खेड्यात ता. २६ नोव्हेंबर १८९५ रोजी झाला. ते सुमारे दहा वर्षांचे असता वडील घर सोडून गेले, पुढे आईही शिक्षणासाठी दूर गेली आणि त्यांचा सांभाळ आजोबांनी केला. १९१७ साली सैन्यात अधिकारी असता एका मेजवानीत त्यांनी मद्याची चव घेतली. लाजाळू तरुणास तो पेला मित्रासारखा वाटला. १९१८ साली लोइस ह्या सुशील स्त्रीशी त्यांचा विवाह झाला. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात त्यांनी पैसा मिळविला. पण दारूने तो मित्रपणा सोडून धनीपणा धरिला. पैसा गेला, पत गेली, आणि लोइसबाई दुकानात नोकरी करून संसार ओढू लागल्या.

विल्सन अनेकदा रुग्णालयात राहिले. तेथील डॉ. सिल्कवर्थ ह्यांनी त्यांस सांगितले की, हा केवळ दुबळ्या इच्छेचा दोष नसून शरीर व मन ह्या दोहोंस जडलेला आजार आहे. १९३४ च्या अखेरीस एबी थॅचर हा जुना सोबती त्यांस भेटण्यास आला. तोही पक्का दारूबाज. पण धार्मिक मंडळाच्या संगतीने तो शुद्धीवर होता. त्या भेटीनंतर विल्सन पुन्हा रुग्णालयात गेले आणि तेथे त्यांनी देवाचा धावा केला. त्या डिसेंबरापासून मरेपर्यंत त्यांनी मद्यास स्पर्श केला नाही.

मग ते इतर मद्यप्यांस सुधारावयास निघाले. कित्येकांस त्यांनी घरी आणून ठेविले. पण महिनोन्‌महिने खपूनही एकही टिकला नाही. ते निराश झाले, तेव्हा लोइसबाईंनी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आणून दिली, की दुसरे कोणी सुधारले नसले तरी ते स्वतः शुद्धीवर राहिले आहेत. सिल्कवर्थ ह्यांनीही सुचविले की, उपदेश कमी करावा आणि आजाराची हकीकत आधी सांगावी.

१९३५ च्या मे महिन्यात धंद्याच्या कामासाठी विल्सन ओहायोतील ॲक्रन शहरी गेले. काम फसले. शनिवारी संध्याकाळी ते परक्या गावी हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटे उभे होते. एका बाजूस मद्यालयातून हसण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूस टेलिफोन होता व जवळच गावातील चर्चांची यादी. क्षणभर त्यांचे पाऊल मद्यालयाकडे ओढले. परंतु त्यांस उमगले की, आपण वाचावयाचे तर ह्या गावात दुसरा मद्यपी शोधला पाहिजे. त्यांनी यादीतील एका पाळकास टेलिफोन केला. पाळकांनी काही नावे दिली, आणि त्या धाग्याने हेन्रिएटा सायबर्लिंग ह्या बाईंच्या द्वारे दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ ह्यांची भेट ठरली.

डॉ. स्मिथ हे कुशल शस्त्रवैद्य. पण दारूने पार खचलेले. पंधरा मिनिटांच्या बोलीवर ते आले आणि कित्येक तास बसले. विल्सन ह्यांनी उपदेश केला नाही. आपलीच कथा सांगितली. मध्यंतरी डॉक्टर पुन्हा एकदा घसरले. पण १९३५ च्या जूनपासून १९५० साली मरण येईपर्यंत ते निर्व्यसनी राहिले. दोघे मिळून शहरातील रुग्णालयात तिसऱ्याकडे गेले. तोही बरा झाला. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ह्या संगतीचा आरंभ तो हा. १९३९ साली त्याच नावाचे पुस्तक निघाले. १९५१ साली लोइसबाईंनी मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही संगत उभारण्यात पुढाकार घेतला. विल्सन ह्यांस दीर्घ काळ खिन्नतेने पछाडले, धूम्रपानाने फुप्फुसे जर्जर केली. पण मोठेपणाचा त्यांनी हव्यास धरिला नाही. येल विद्यापीठाची सन्माननीय पदवी त्यांनी नाकारिली. ता. २४ जानेवारी १९७१ रोजी त्यांचा अंत झाला.

वाचकहो, ह्या चरित्राचा बोध असा की, बुडणाऱ्यास काठावरच्या शहाण्यापेक्षा पोहून बाहेर आलेल्याचा हात लवकर सापडतो. आणि हात देणाराही त्यानेच तगतो. अशा बैठका आज महाराष्ट्रात मराठीतूनही भरतात. तेथे फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. आपल्या तालुक्यात बैठक कोठे भरते ह्याचा तपास सरकारी दवाखान्यात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात करावा, आणि पहिल्या दिवशी आपल्या भावाबरोबर दारापर्यंत जावे. फार वर्षे रोज पिणाऱ्याने मात्र एकाएकी सोडताना वैद्याची देखरेख घ्यावी, कारण तसे न केल्यास जिवावर बेतते.

जवळपास बैठक नसेल तर? तरीही वाट बंद नाही. ॲक्रन गावी आरंभी दोघेच होते. आमच्या पाळकांनी शाळेची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी ठेवावी, आणि ज्याची दारू सुटली आहे अशा भावाने लाज सोडून तेथे दिवा लावून बसावे. दुसरा येईल, कदाचित तो आजही कोणाच्या हाकेची वाट पाहत असेल.